रत्नागिरी शहर: पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

रत्नागिरीला पहिल्यांदा येणारे, बदली होऊन आलेले आणि आजोळ इथलं असूनही शहर न पाहिलेले, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसे आहेत.

रत्नागिरी म्हणजे शहर की जिल्हा?

इथे फक्त शहर आणि त्याच्या आसपासचा टापू. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण मुंबईत 'आमचं गाव रत्नागिरी' म्हणणारा माणूस मंडणगडचाही असू शकतो आणि राजापूरचाही. बातम्यांतही तोच घोळ चालतो. एन्रॉनचा वीजप्रकल्प रत्नागिरीचा म्हणून गाजला, पण तो गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. अणुप्रकल्पासाठी गाजलेलं जैतापूर आणि रिफायनरीसाठी गाजलेलं बारसू, दोन्ही राजापूर तालुक्यात. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तर मालवण-सावंतवाडीही याच जिल्ह्यात मोडायची.

शहर त्या मानाने लहान आहे. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषद हद्दीत सुमारे ७६ हजार लोक होते. पण कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव ही गावं शहराला इतकी चिकटलीत की हद्द कुठे संपते ते घरपट्टीच्या पावतीवरच कळतं.

समुद्रकाठचं शहर म्हणता, मग स्टेशनवर उतरल्यावर समुद्र का दिसत नाही?

कारण तुम्ही मागच्या दाराने आलात. रेल्वे स्टेशन आहे कुवारबावच्या बाजूला, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात तांबडं-काळं आणि ओसाड, श्रावणात गवताने आणि रानफुलांनी भरलेलं. तिथून रिक्षा साळवी स्टॉप, मारुती मंदिर करत जयस्तंभाकडे येते आणि मग उतार लागतो. जुनी रत्नागिरी या उताराच्या पायथ्याशी, सडा आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वसली: रामआळी, टिळक आळी, तेली आळी, गोखले नाका, धनजी नाका. गल्ल्या अरुंद आहेत, कारण त्या आखल्या तेव्हा चारचाकीचा प्रश्नच नव्हता.

नकाशा डोक्यात बसवायचा तर पश्चिमेला तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. समोर समुद्रात घुसलेलं रत्नदुर्गाचं भूशिर. उजव्या हाताला मिऱ्याचा उपसागर, त्याच्या टोकाशी मिऱ्या डोंगर, आणि डोंगरापलीकडे शिरगाव-साखरतरची खाडी. म्हणजे दोन बाजूंना खाड्या, समोर समुद्र. शहराला वाढायला जागा उरली ती फक्त मागे, सड्यावर. रेल्वे आल्यापासून नव्या वसाहती, मोठी दुकानं, दवाखाने सगळे तिकडेच सरकले.

हे सगळं एका नजरेत पाहायचं असेल तर रत्नदुर्गावर जा. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला सिद्ध बुरुजाजवळ १८६७ चं दीपगृह, आणि पायथ्याला पेठ किल्ल्याची नांदती वस्ती. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७० मध्ये घेतला. दीपगृहाच्या बाजूने उत्तरेला मिऱ्या आणि दक्षिणेला भाट्याचा किनारा असं दोन्हीकडचं दिसतं. देवळापर्यंत जाऊन परत फिरणारेच जास्त. तुम्ही तसं करू नका.

काळा समुद्र आणि पांढरा समुद्र हे काय प्रकरण आहे?

पाणी एकच, रंग वाळूचा. मांडवीची वाळू काळसर आहे, कारण तिच्यात इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी जड लोहयुक्त खनिजं आहेत. सह्याद्रीचा काळा दगड झिजून नद्यांवाटे ती किनाऱ्याला येतात, लाटा हलकी वाळू उपसून नेतात आणि जड कण मागे राहतात. साधं लोहचुंबक वाळूतून फिरवा, काळ्या कणांची दाढी उगवते. किल्ल्याच्या उत्तरेला मिऱ्याच्या बाजूची वाळू उजळ, म्हणून तो पांढरा समुद्र. लहान मुलांना घेऊन गेलात तर चुंबक विसरू नका.

बंदर आहे म्हणतात, तर मोठी जहाजं कुठे आहेत?

हा प्रश्न मांडवीच्या जेटीवर उभं राहिल्यावर पडतोच. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

इंग्रजांनी दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीला हलवलं. कचेऱ्या, कोर्ट, शाळा आल्या आणि बंदराच्या गावाचं जिल्ह्याचं गाव झालं. त्या काळी, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षं, मुंबईला जायचा खरा रस्ता समुद्राचाच होता. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला यायच्या. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, ये-जा करायच्या. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे वर्षाचे तीन-चार महिने मुंबईची वाट मिटलेली. चाकरमान्यांचं येणं, मनीऑर्डरी, लग्नाच्या तिथी, कोर्टाची कामं, सगळ्याला या वेळापत्रकाची शिस्त होती.

मग घाटरस्ते सुधारले, एसटी वाढली, प्रवासी बोट थकत थकत बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. नैसर्गिक कारणही आहेच. खाडीच्या मुखाशी गाळ आणि वाळू साचते. भाट्याच्या मुखातून आत-बाहेर करताना छोट्या होड्यांनासुद्धा भरती-ओहोटीचं गणित सांभाळावं लागतं, मोठ्या जहाजाचं तर नावच नको. त्यामुळे अवजड मालवाहतूक शहराबाहेर गेली: उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडच्या खोल बंदरात आणि दक्षिणेला रनपारला फिनोलेक्सच्या जेटीवर. शहराच्या वाट्याला उरलं ते मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर, भगवती बंदराचा बांध आणि मिऱ्याला जहाजबांधणीची जागा. मांडवीच्या जेटीवर आता संध्याकाळी भेळ खाणारी गर्दी असते.

माझं मत विचाराल तर शहराने बोट सोडली, पण बोटीने लावलेली सवय सोडली नाही. कोल्हापूर इथून आंबा घाटाने जेमतेम १३० किलोमीटर, मुंबई त्याच्या अडीचपट लांब. तरी इथल्या माणसाचं लक्ष मुंबईकडे. नोकरी मुंबईत, मोठं इस्पितळ मुंबईत, आंब्याचा भाव वाशीत, नाटक मुंबईहून आलेलं. घाटावरून येतो तो भाजीपाला. समुद्राने जोडलेलं नातं डांबरी रस्त्याने बदललं नाही.

मिरकरवाड्याला पाहुण्याने जावं का?

जावं, पण पांढरे बूट घालून नाही. बोटी लागल्या की जेटीवर बर्फाचं पाणी, खवले आणि डिझेल यांचा एकच चिखल असतो. बोटीतून टप उतरतात, लिलाव पुकारणारा आकडे इतक्या भराभर म्हणतो की नवख्याला मंत्र वाटावेत, आणि खरेदी करणाऱ्या बायका मान किंचित हलवून व्यवहार पुरा करतात. बंगड्याचे डोळे स्वच्छ आहेत की नाहीत हे त्या टप खाली टेकायच्या आत पाहून घेतात. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी बर्फात भरून ट्रकने निघते. तारली आणि बारीक मासळी मोठ्या प्रमाणात गोवा-कर्नाटकाकडे मासळीचं तेल आणि कूट बनवणाऱ्या कारखान्यांना जाते, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

मालक आणि तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, बहुतेक इथले, खारवी आणि दालदी या मच्छीमार समाजांतले. खलाशी मात्र आता बरेचसे नेपाळहून आणि कर्नाटकातून येतात. जेटीवरच्या टपरीवर नेपाळी गाणी ऐकू आली तर दचकू नका.

वादही इथेच भेटतील. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती टाकून तळातून आवळायचं भलंमोठं जाळं. एका फेरीत प्रचंड मासळी येते आणि छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला काही उरत नाही, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या जलधिक्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या राज्याच्या हद्दीतल्या समुद्रात, पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, आणि केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर बंदी घातली. नियम पाळले जातात का, हे जेटीवर कोणालाही विचारा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या बोटीकडे बोट दाखवेल.

पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. त्या दिवसांत 'ताजी सुरमई' असा फलक दिसला तर ती बर्फातली समजा आणि खाडीची मासळी मागा.

एवढा पाऊस पडतो, मग एप्रिल-मेमध्ये पाण्याचे टँकर कसे?

पाऊस खराच प्रचंड. वर्षाची सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण जांभा सच्छिद्र दगड. त्यात पाणी मुरतं आणि तितक्याच सहज उताराला झऱ्यावाटे निघून जातं. शिवाय सह्याद्री समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे नद्या आखूड आणि उतावळ्या. ऑगस्टात दुथडी वाहणारी काजळी उन्हाळ्यात वरच्या अंगाला डबक्यांवर येते. शहराची भिस्त शीळ धरणावर आहे. तिथली पातळी खाली गेली की एक दिवसाआड पाणी. सड्यावरच्या नव्या इमारतींना हा त्रास जास्त. खालच्या आळ्यांत जुन्या घरांच्या मागे विहिरी आहेत. ज्यांनी त्या बुजवल्या नाहीत ते मे महिन्यात शांत झोपतात.

मिऱ्याच्या किनाऱ्यावर एवढे काँक्रीटचे ठोकळे कशासाठी?

मिऱ्या डोंगर आणि शहर यांच्यामधली जमीन म्हणजे वाळूची अरुंद पट्टी. जाकीमिऱ्या, भाटीमिऱ्या या वस्त्या तिच्यावर. पावसाळी उधाणात समुद्र ती खात आला आहे; माड पडलेत, बंधारे ढासळलेत, दर पावसाळ्यात पाणी रस्त्यावर येण्याची भीती असते. म्हणून दगडी बंधारा आणि चार पायांचे टेट्रापॉड. लाट त्यांच्या फटीत शिरून फुटते, सरळ भिंतीवर आदळत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज नांगर सुटून इथल्याच बंधाऱ्यावर येऊन अडकलं. खलाशी वाचले, जहाज वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं आणि दरम्यान फोटो काढण्याचं ठिकाण बनलं. वादळाचा डोळा गेला होता खूप उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर. तरी इथे ही अवस्था, यावरून काय ते समजा.

योगायोग असा की नागपूरकडे जाणारा महामार्ग याच मिऱ्यापासून सुरू होतो.

ब्रह्मदेशाच्या राजाला इथेच का आणून ठेवलं?

नेमक्या त्याच कारणाने, ज्यामुळे आज लोक इथे सुट्टीला येतात: दूर, शांत आणि सहज पोचता न येणारं गाव. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला पदच्युत केलं. मद्रासमार्गे १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, बंदरावर कोण उतरतं ते सरकारला कळणारच. आधी भाड्याच्या बंगल्यात वर्षानुवर्षं काढल्यावर १९१० मध्ये भाट्याच्या खाडीकडे पाहणारा आज आपण थिबा पॅलेस म्हणतो तो राजवाडा तयार झाला. राजाने तो उणीपुरी सहा वर्षं उपभोगला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी सुपयालतला १९१९ मध्ये रंगूनला परतू दिलं. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला आणि रंगूनच्या देशाच्या राजाला रत्नागिरीला, अशी ही इंग्रजी अदलाबदल.

म्यानमारसाठी हा जुना विषय नाही. २०१२ मध्ये तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजवाडा आणि समाधी पाहायला इथे आले होते. समाधी शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधोमध आहे. राजवाडा पाहून परत फिरणाऱ्यांना तिचा पत्ताच नसतो. राजवाड्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. सोमवारी जाऊ नका.

टिळक, सावरकर यांच्याशी संबंधित काय आहे?

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान म्हणून जपलेलं कौलारू घर. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही या अटींवर. त्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. कीर मूळचे रत्नागिरीचेच, गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे ठेकेदार झालेले. मला विचाराल तर त्यांची गोष्ट फार कमी सांगितली जाते.

खरा रत्नागिरी हापूस कसा ओळखायचा?

बाहेरून बघून छातीठोक सांगणारा माणूस एक तर बागायतदार असतो किंवा थापाड्या. काही गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. कर्नाटकातला आंबा चांगला असेलही, पण त्याला हापूस म्हणून विकणं ही फसवणूक. पेटीवर मानांकनाचा शिक्का आणि बागायतदाराचं नाव बघा, पेपरात गुंडाळलेल्या आंब्यापेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

वेळ बघा. जानेवारी-फेब्रुवारीत वाशीत पहिल्या पेट्या पोचल्याच्या बातम्या येतात. त्या मानाच्या पेट्या, खाणाऱ्यासाठी नव्हेत. झाडावर नीट तयार झालेलं फळ एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. मे सरत आला, वळवाने गाठलं की भाव पडतो आणि उरलेला माल किलोवर कॅनिंगला जातो. घरी आमरस भरून ठेवणाऱ्यांनी हीच वेळ साधावी.

आंबा पिकवायचा तर भाताच्या पेंढ्यात, आढीत. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवला की तो सुरकुततो आणि चव जाते. कापल्यावर मध्ये पांढरट, पोकळ, आंबूस भाग निघाला तर तो साका. तो बाहेरून दिसत नाही, अजून त्याचा पुरता बंदोबस्त झालेला नाही, त्यामुळे विकणाऱ्याशी भांडू नका. प्रामाणिक बागायतदार डझनामागे एखादं फळ जास्त घालतो ते यासाठीच.

आणि देवगड चांगला की रत्नागिरी? हा प्रश्न रत्नागिरीत विचारून काय मिळणार.

इथली माणसं खडूस असतात का?

मोजून बोलतात. पहिल्या भेटीत 'या, बसा' होईल, चहाही येईल, पण जागेचा भाव विचारलात तर विषय हवापाण्यावर जाईल. त्यामागे कारण आहे. एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं, त्यातले निम्मे मुंबईत. विकायचं कोणी, सही कोणाची, हे घरातल्या घरातच ठरलेलं नसतं. शहरात कुलूपबंद घरं दिसतात ती बरीचशी या भावकीमुळे.

बोलीबद्दलही एक गैरसमज आहे. टीव्ही मालिकांतली मालवणी इथे बोलत नाहीत. आसपासच्या गावांत संगमेश्वरी वळणाची बोली, राजीवडा-मिरकरवाड्यात कोकणी मुसलमानांची वेगळी बोली, आणि आळ्यांमध्ये अनुस्वार जपून उच्चारणारी मराठी.

हेच मोजून बोलणारे लोक शिमग्यात बघा. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघाली की मुंबईतली पोरं रजा टाकून हजर होतात. गणपतीला एक वेळ तिकीट मिळालं नाही तर चालतं, शिमग्याला नाही.

कातळशिल्पं शहरातून पाहता येतात का?

हो, गाडी असेल तर अर्ध्या दिवसात. उक्षी, जांभरुण, चवे-देवूड ही ठिकाणं जवळची. उक्षीचा हत्ती उत्तम. कशेळीचा भला थोरला हत्ती राजापूर तालुक्यात, त्याला वेगळा दिवस द्या. ही सगळी सड्यावर, उघड्या जांभ्यात कोरलेली. त्यातली निवडक ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्रावर पाय देऊ नका आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका.

कसं आणि कधी यावं?

रेल्वेने. मुंबई-गोवा महामार्ग सुधारतोय हे वाक्य आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की त्यावर बोलणं नको. शहर हायवेवर नाही. हातखंब्याला वळून आत यावं लागतं. रेल्वेमार्ग मात्र बहुतांशी एकेरी, पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबली तर कावू नका. मुंबईहून येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो; पुढे गोव्याकडे जाणार असाल तर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल चुकवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची. एप्रिल-मेमध्ये पारा फार चढत नाही, पण घामाने जीव नको होतो, आंब्यासाठी सोसायचं. सड्यावरची फुलं पाहायची तर ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर.

समुद्रात पोहता येईल का?

पावसाळ्यात नाही. एरवीही आरे-वारेला पाण्यात शिरू नका. रस्त्यावरून तो किनारा जितका देखणा दिसतो तितकाच तिथला तळ दगा देतो, आणि पाहुणे बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. भाट्याचा किनारा लांब आणि सपाट, पण खाडीच्या मुखाच्या बाजूला ओहोटीचं पाणी जोराने बाहेर ओढतं. सुरूच्या बनासमोर थांबा, पुलाकडे सरकू नका. भरती-ओहोटीची वेळ माहीत नसेल तर किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कोणालाही विचारा, घड्याळ न बघता सांगतील.